टाचेखालचं एक अंगुळ

नागपुरात उमरेड रोडने सक्करदरा चौकात पोचलं की शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय लागतं. सकाळी केसपेपरच्या खिडकीशी रांग असते. गुडघे, मणका, वात, आम्लपित्त अशा तक्रारी कुणीही मोठ्याने सांगतं. एक तक्रार मात्र रांगेत कधीच ऐकू येत नाही. ती तपासणीच्या खोलीतही उशिरा येते. गुडघ्याची औषधं लिहून झालेली असतात, बाई उठून पदर सावरते, दारापर्यंत जाते आणि वळून म्हणते, ‘‘आणखी एक सांगायचं होतं. शिंकली का थेंब जाते.’’

हे वाक्य कुठल्याही पॅथीच्या डॉक्टरला नवं नाही. खोकताना, हसताना, पाण्याची बादली उचलताना, बसस्टॉपवर धावताना लघवी निसटते. काहींना लागली की दम निघत नाही, कुलपात किल्ली घालेपर्यंत साडी ओली होते. पहिल्या प्रकारात ओटीपोटाच्या तळाशी असलेली स्नायूंची झोळी सैल पडलेली असते, दुसऱ्यात मूत्राशय वेळीअवेळी आकसतं, आणि पुष्कळ जणींत दोन्ही एकत्र असतं. मागे माकडहाडापासून पुढे जघनाच्या हाडापर्यंत बांधलेली ही झोळी मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशय यांचा भार पेलते. दंडाचा स्नायू दिसतो, पोटरीचा दिसतो. हा दिसत नाही, आणि ज्या भागात तो आहे त्याचं नाव घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही. या स्नायूचा इतिहास म्हणजे एका प्रश्नाचा इतिहास आहे: आवळला की नाही, हे कळणार कसं?

त्याचं पहिलं मराठी उत्तर 1290 सालचं आहे, आणि ते अनपेक्षित ठिकाणी सापडतं.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात गीतेतला श्लोक आसनावर बसायला सांगतो, पण कसं बसायचं याचा तपशील देत नाही. ज्ञानदेव तिथे थांबतात आणि नाथपंथातलं घरचं ज्ञान उघड करतात. गुदद्वार आणि जननेंद्रिय यांच्यामध्ये चार अंगुळं जागा असते. दोन्ही टोकांकडून दीड-दीड अंगुळ सोडायचं, म्हणजे मध्ये एक अंगुळ उरतं. तिथे टाच रोवायची आणि अंग वर पेलून धरायचं. याला मूळबंध म्हणतात, वज्रासन हे याचंच दुसरं नाव, असंही ते सांगून टाकतात. असं बसलं की खाली धावणारा अपान वायू आतल्या आत मागे वळायला लागतो. पुढे गळ्याचा जालंधर बंध येतो आणि पोट पाठीला लावणारा वोढियाणा, म्हणजे संस्कृतातला उड्डियान.

नेवाशाच्या देवळात, श्रोत्यांसमोर, कोवळ्या वयाचा एक संन्याशाचा मुलगा शरीराच्या या भागाचं अंगुळांत मोजमाप देतो आणि त्यात त्याला काही संकोच वाटत नाही. सातशे वर्षांनंतर वैद्यकाच्या वर्गातही असा नेमकेपणा क्वचित भेटतो. अध्यात्माच्या अंगाने वाचणारे या ओव्यांवरून भराभर कुंडलिनीकडे जातात. शरीराच्या अंगाने वाचलं तर टाचेपाशी थांबावं लागतं. ती टाच तिथे कशाला? कारण आतला स्नायू डोळ्याला दिसत नाही. टाच रोवलेली असली की तो वर उचलला गेल्याचं टाचेवर जाणवतं, आणि चुकून खाली ढकलला तर तेही जाणवतं. आज फिजिओथेरपिस्ट एखाद्या बाईला खुर्चीवर टॉवेलची गुंडाळी ठेवून तिच्यावर बसायला लावतात आणि म्हणतात, ‘‘आता टॉवेलवरून आतला भाग वर उचला.’’ गुंडाळी आणि टाच यांचं काम एकच.

पुढे पंधराव्या शतकाच्या सुमारास हठयोगप्रदीपिका झाली. तिच्यात मूलबंधाची फळं सांगताना मलमूत्र कमी होतं आणि म्हाताराही तरुण होतो असं आश्वासन आहे. घेरंडसंहितेत अश्विनी मुद्रा आहे: गुदद्वार पुन:पुन्हा आवळायचं आणि सोडायचं. लीद टाकल्यावर घोडीचं जसं होतं तसं, म्हणून ते नाव. टांग्यात घोड्याच्या मागे बसून ज्याने नागपूर पाहिलं आहे त्याला या मुद्रेचं वेगळं प्रात्यक्षिक नको. हे शब्द तयार करणारी माणसं शरीराकडे आणि जनावरांकडे नीट बघणारी होती.

पण ती सगळी पुरुषांसाठी लिहीत होती. ज्ञानदेवांनी दिलेलं मोजमापही पुरुषाच्याच शरीराचं आहे. साधकाला बिंदू, म्हणजे वीर्य, राखायचा होता, अपान वर न्यायचा होता, मोक्ष हवा होता. चार बाळंतपणांनंतर विहिरीवरून पाणी शेंदताना जिचं लुगडं ओलं होत होतं, तिला हा व्यायाम सर्वांत जास्त लागत होता आणि तिच्याकडे तो कधी पोचला नाही. ती ज्ञानेश्वरी ऐकायला देवळात बसलेली असेल. सहावा अध्याय आपल्या ओल्या लुगड्याविषयी काही सांगतो आहे, असं तिला कोण सांगणार?

तिच्यासाठी वेगळी व्यवस्था होती, ती म्हणजे पोट बांधणे.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळंतिणीला तूप पाजून, पोटाला तेल-तूप चोळून मोठ्या स्वच्छ कापडाने पोट गुंडाळायला सांगितलं आहे. पोकळी मिळाली की वायू तिथे शिरून बिघाड करतो, म्हणून ती पोकळी उरू द्यायची नाही, हे कारणही दिलेलं आहे. मराठी घरांत हेच मऊ झालेल्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने झालं. सुईण किंवा आजी रोज तेलाने अंग रगडायची, गरम पाण्याने शेकायची, बाजेखाली शेगडी, ओवा-बाळंतशोपेची धुरी, मग पोटावर पट्टा. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू. सव्वा महिना वजन उचलायचं नाही, गार वाऱ्यात बसायचं नाही, खोकला होऊ द्यायचा नाही. खोकल्याची ती धास्ती नुसती भाबडी नव्हती. टाके ताजे आणि तळ ढिला असताना प्रत्येक खोकला खालीच आदळतो.

या व्यवस्थेत विश्रांतीचा भाग शहाणपणाचा होता. पट्ट्याचं मात्र दोन्ही बाजूंनी बोलावं लागतं. ढिल्या पोटाला आधार मिळतो, उठताबसताना बरं वाटतं. पण कमरेला फार आवळून बांधला तर पोटातल्या दाबाला जायला खालचीच वाट उरते, आणि खाली तोच थकलेला तळ असतो. शिवाय पट्टा बाहेरून धरतो, आतल्या स्नायूला तो काही शिकवत नाही. आणि सव्वा महिना होता तरी कुणाला? ज्यांच्या घरी दुसरी बाई हाताशी होती त्यांना. रोजंदारीवाली आठवड्याभरात कामाला लागायची. मग चाळिशी-पन्नाशीत ‘अंग बाहेर यायचं’. गर्भाशय खाली उतरण्याला मराठीत इतका साधा आणि इतका भयंकर शब्द आहे. म्हणून ‘आमच्या आज्यांना उकिडवं बसून, जात्यावर दळून काही होत नसे’ असं कुणी ठणकावलं की जरा जपून मान डोलवावी. आज्यांना होत नव्हतं की आज्या बोलत नव्हत्या, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

सक्करदऱ्याच्या बाबतीत हे जवळून बघता येतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा भाग शहराबाहेरचा होता. तलाव, बाग, आणि नागपूरकर भोसल्यांचा वाडा. राजे रघुजीरावांनी 1908 मध्ये वेड्यांच्या इस्पितळातून अवलिया ताजुद्दीन बाबांना सोडवून आणलं आणि या वाड्यात ठेवलं. बाबांचं देहावसान 1925 सालचं. त्यांच्या काळात सक्करदऱ्याकडे येणाऱ्या गर्दीत आजारी, अपत्यहीन, गांजलेली माणसं असत. दवाखाने नव्हते असं नाही. सीताबर्डीवर स्कॉटिश मिशनच्या डॉ. अॅग्नेस हेंडरसन यांनी उभारलेलं म्यूर मेमोरियल हे बायकांचं इस्पितळ होतं, गावात डफरीन होतं, ज्याला आज डागा म्हणतात. पण डफरीनला जायचं ते बाळंतपण अडलं तर. लघवी निसटते म्हणून कुणी टांगा जोडत नसे. ते दुखणं दवाखान्यात सांगायचं नव्हतं आणि बाबांच्या पायाशीही शब्दांत बोलायचं नव्हतं. तिथे डोकं टेकवलं की सांगितल्यासारखंच होतं.

नेमक्या त्याच वर्षांत लोणावळ्यात एक माणूस शरीराच्या त्याच कोपऱ्यात पाऱ्याची नळी लावून बसला होता.

जगन्नाथ गणेश गुणे, जन्म 1883, बडोद्याजवळच्या डभोईचे. बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात शरीर कमावलं, अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाच्या संस्थेत शिकवलं, नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासांकडून योग घेतला. मग स्वामी कुवलयानंद या नावाने 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक. त्यांना चमत्कार नको होते. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय होतं, ते त्यांना एक्स-रेवर आणि दाबमापकावर बघायचं होतं. श्वास पूर्ण सोडून, बाहेरच रोखून, फासळ्या फुगवल्या की पोट आत ओढलं जातं. त्याच स्थितीत पोटाचा मधला स्नायू उभा काढला की नौली होते. मोठ्या आतड्यात नळी सरकवून ती पाऱ्याच्या दाबमापकाला जोडल्यावर दिसलं की त्या क्षणी आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. बस्तीत योगी गुदद्वारातून पाणी आत कसं ओढून घेतात, याचं कोडं तिथे सुटलं. कुवलयानंदांनी या पोकळीला गुरूचं नाव दिलं: माधवदास व्हॅक्यूम.

मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. तिचं मोल वेगळंच आहे. ‘अपान वर जातो’ हे ज्ञानदेवांचं वाक्य सहा शतकं अनुभवाच्या किंवा श्रद्धेच्या खात्यावर पडून होतं. आता पाऱ्याची रेघ खाली-वर होत होती आणि कुणालाही ती वाचता येत होती.

मुंबईत मणिभाई देसाई, म्हणजे योगेंद्रजी, हे माधवदासांचेच दुसरे शिष्य. त्यांनी 1918 मध्ये योग संस्था काढली होती. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी 1930 च्या दशकात बायकांसाठी योगाचं इंग्रजी पुस्तक लिहिलं. योगाच्या खोलीचं दार बायकांसाठी किलकिलं व्हायला लागलं ते असं. तरी मूलबंध अजूनही मोक्षाच्याच कपाटात होता.

तो कपाटाबाहेर निघाला दुसऱ्याच खंडात, दुसऱ्याच नावाने. लंडनमध्ये मार्गारेट मॉरिस ही नर्तकी. सेंट थॉमस इस्पितळातल्या फिजिओथेरपी शाळेच्या प्रमुख मिनी रँडेल यांच्याबरोबर तिने 1936 मध्ये बाळंतिणींच्या व्यायामांवर पुस्तक केलं. त्यात हा तळ आवळण्याचा व्यायाम होता. अमेरिकेत लॉस एंजेलिसला डॉ. अर्नोल्ड केगल बायकांवर शस्त्रक्रिया करत होते आणि काही महिन्यांनी त्याच बाया तीच तक्रार घेऊन परत येत होत्या. त्यांच्या लक्षात आलं की टाके घालून फाटका भाग जुळतो, पण झोपलेला स्नायू जागा होत नाही. त्यांनी 1948 मध्ये आपला गाजलेला निबंध छापला आणि त्याबरोबर एक यंत्र पुढे केलं, पेरिनिओमीटर. रबरी फुगा योनीत ठेवायचा, तो नळीने दाबमापकाला जोडायचा, बाई आवळेल तसा काटा चढायचा. तबकडीवर शून्य ते शंभर, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये.

लोणावळ्यातही पाऱ्याचे मिलिमीटर, लॉस एंजेलिसलाही पाऱ्याचे मिलिमीटर. एकाने पोकळी मोजली, दुसऱ्याने पकड. कुणी कुणाचं उचललं हा वाद उकरून काढण्यात हशील नाही. दोघांना एकाच अडचणीने गाठलं होतं: जे दिसत नाही ते दाखवायचं कसं. फरक हेतूचा. केगल यांच्या समोरच्या बाईला मुक्ती नको होती, तिला बाजारात जाऊन कोरड्या कपड्यांनिशी परत यायचं होतं.

केगल यांनी यंत्रावर एवढा जोर का दिला, ते पुढे आकड्यांतच दिसलं. 1991 मध्ये अमेरिकेतल्या एका पाहणीत 47 स्त्रियांना हा व्यायाम नुसता तोंडी समजावून दिला आणि लगेच दाबमापकावर तपासलं. जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला. चौथाई जणी तर आवळण्याऐवजी खाली जोर देत होत्या, म्हणजे व्यायामाच्या नावाखाली दुखणंच वाढवत होत्या. नागपूरच्या कुठल्याही बागेत पहाटे पन्नास जणांचा योगवर्ग भरतो, शिक्षक माईकवरून सांगतात, ‘‘मूलबंध लावा,’’ आणि पन्नास चेहरे गंभीर होतात. कुणी पोट आत घेतं, कुणी नितंब आवळतं, कुणी श्वास कोंडून लाल होतं, कुणी नुसतेच डोळे मिटतं. कुणाचा बंध लागला हे शिक्षकांना कळत नाही, लावणाऱ्यालाही कळत नाही. टाच गेली, पारा गेला, उरला तो शब्द.

असं असलं तरी या वर्गांना कमी लेखता येत नाही, नागपुरात तर मुळीच नाही. कोकणातून आलेल्या जनार्दनस्वामींनी इथे 1951 मध्ये योगाभ्यासी मंडळ उभं केलं. रामनगरातल्या त्या मंडळाने पैसे न घेता, मोहल्ल्या-मोहल्ल्यात, सतरंज्या अंथरून आसनं शिकवली. स्वामी 1978 मध्ये गेले, वर्ग चालू राहिले. विदर्भात अंग वाकवणं ही पैलवानांची मक्तेदारी होती. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचं. पन्नाशीची गृहिणी सलवार-कुर्ता घालून मैदानात आडवी पडते आणि पाय वर करते, हे दृश्य नागपुरात रुळलं त्यामागे या मंडळींची चिकाटी आहे. लाज अर्धी तिथेच गेली. उरलेली अर्धी शब्दांची होती.

मधल्या काळात मराठी शल्यवैद्यांनी याच तळावर हात चालवला होता. मुंबईत डॉ. वि. ना. शिरोडकर (मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे, गर्भपात रोखणाऱ्या ‘शिरोडकर टाक्या’मुळे जगभर पोचलेले) आणि डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी अंग बाहेर आलेल्या तरुण बायकांसाठी गर्भाशय न काढता ते आतून बांधून घेण्याच्या शस्त्रक्रिया बसवल्या. त्या आजही त्यांच्याच नावांनी शिकवल्या जातात. तरुण वयात इतक्या जणींचं अंग बाहेर येत होतं, म्हणून तर त्या लागल्या. आज्यांच्या कणखर तळाची कहाणी सांगणाऱ्यांनी या शस्त्रक्रियांची जन्मकथा वाचावी.

फिजिओथेरपी आली ती मात्र पोलिओच्या वाटेने. मुंबईत 1950 नंतर पोलिओची साथ आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने के. ई. एम. रुग्णालयात 1953 च्या सुमारास देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. नवा विषय मुलांच्या लुळ्या पायांत गुंतला, मग हाडं, मग लकवा. ओटीपोटाच्या तळाची पाळी फार उशिरा आली. नागपूरचं मेडिकल कॉलेज 1947 चं, सक्करदऱ्यापासून फार लांब नाही. तिथेही बायकांना जो तक्ता हातात मिळे तो पोटाच्या व्यायामांचा असे.

याच मेडिकलमध्ये शिकलेल्या डॉ. राणी बंग गडचिरोलीला गेल्या आणि त्यांनी जे केलं ते या इतिहासातलं महत्त्वाचं वळण आहे. त्यांनी आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली. जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निबंध आला: 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, एकेकीला सरासरी साडेतीनहून जास्त, आणि आधी कधी तरी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. तो अभ्यास लघवी निसटण्यावर नव्हता, संसर्ग आणि पाळीचे विकार त्यात ठळक होते. पण दारापर्यंत जाऊन वळणाऱ्या बाईचं वाक्य त्याने जगाच्या वैद्यकापुढे ठेवलं. ती बोलत नाही याचा अर्थ तिला काही होत नाही असा घ्यायचा नाही, हे तेव्हापासून निदान कागदावर तरी मान्य झालं.

आता पुरावा भरपूर आहे. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात 14 देशांतल्या 1817 स्त्रियांवरचे 31 प्रयोग एकत्र पाहिले. खोकला-शिंकेबरोबर लघवी निसटणाऱ्यांपैकी ज्यांनी हे व्यायाम केले त्यांच्यातल्या शंभरात 56 जणींनी पूर्ण बरं वाटल्याचं सांगितलं. ज्यांनी केले नाहीत त्यांच्यात शंभरात 6. गोळी नाही, टाका नाही, फक्त आवळणं आणि सोडणं, तेही रोज तीनदा, दर वेळी निदान आठ वेळा, निदान तीन महिने. ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात, आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली करा म्हणतात. पंधरवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देणाऱ्यांना ते तीन महिने सांगावे लागतात.

श्वासाचं काय, तर इथे जुन्या आणि नव्या पाठशाळेचं जमत नाही. हठयोगात बंध कुंभकाबरोबर, म्हणजे श्वास रोखून लावतात. फिजिओथेरपिस्ट नेमकं तेच करू देत नाहीत. श्वास घेताना छातीखालचा पडदा खाली येतो आणि तळाची झोळीही थोडी खाली सरकते. श्वास सोडताना दोन्ही वर जातात. म्हणून उचल सोडत्या श्वासावर करायची. श्वास कोंडून जोर लावला की पोटाचा दाब खालीच येतो. बादली उचलताना, गॅस सिलिंडर सरकवताना हेच लागू: आधी तळ उचला, श्वास सोडत वजन उचला. धोबी कपडा आपटताना आणि हमाल पोतं चढवताना तोंडाने जो ‘हुं’ काढतो, त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं.

कुवलयानंदांची पोकळीही एक फेरी मारून परत आली आहे. बेल्जियमच्या मार्सेल कॉफ्रिए यांनी 1980 च्या दशकात ‘हायपोप्रेसिव्ह’ नावाचे व्यायाम बांधले. श्वास पूर्ण सोडायचा, रोखायचा, फासळ्या उघडायच्या, पोट आपोआप आत जातं. स्पेनमध्ये बाळंतिणींत ते खूप चालले. हे उड्डियानच आहे, युरोपातून नवं नाव घेऊन आलेलं. नाव काहीही असो, आतापर्यंतच्या तुलनांत साध्या आवळण्याच्या व्यायामाला त्याने मागे टाकलेलं नाही. गरोदरपणात आणि रक्तदाब असलेल्यांनी तर त्याच्या वाटेला जाऊ नये. लघवीत रक्त, ताप, जळजळ किंवा मांड्यांमध्ये अचानक बधिरपणा असेल तर कुठलाच व्यायाम न करता आधी डॉक्टर गाठायचा. आणि धावत संडास गाठावा लागणाऱ्यांना आवळण्याबरोबर मूत्राशयाला वेळापत्रकही लावावं लागतं.

पुरुषांनी आपण यातून सुटलो असं समजू नये. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर अनेकांना काही महिने थेंब सांभाळावे लागतात. सक्करदऱ्याजवळच तुकडोजी पुतळ्याच्या चौकात राष्ट्रसंतांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे. अशा रुग्णालयांतून बाहेर पडणाऱ्या आजोबांना हा व्यायाम सांगितला की पहिली प्रतिक्रिया असते, ‘‘हे तं बायकायचं हाय.’’ मूलबंध सातशे वर्षं फक्त पुरुषांचा होता, हे त्यांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही.

आयुर्वेद महाविद्यालयाच्या त्या खोलीत वैद्य अपान म्हणतील, बस्ती सुचवतील. मेडिकलमधली फिजिओथेरपिस्ट पेल्विक फ्लोअर म्हणेल. दारात वळलेल्या बाईला दोन्ही शब्द नवे. तिला समजतं ते ‘‘वायू सरू नये म्हणून जसं धरून ठेवतो, तसं धरा; पोट ढिलं, तोंडाने श्वास सोडत’’ हे. मग ती एका गुंडाळलेल्या टॉवेलवर बसते. आधी हसते, मग चेहरा एकाग्र होतो. 1998 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात साठी ओलांडलेल्या बायकांना फक्त एवढंच शिकवलं होतं, की खोकण्याच्या किंचित आधी तळ आवळून धरा. आठवड्याभरात त्यांचा खोकल्याबरोबर जाणारा थेंब बराच कमी झाला होता. सक्करदऱ्याची बाई टॉवेलवर बसल्या बसल्या मुद्दाम खोकून बघते. पहिल्यांदा आधी खोकते आणि मग आवळते. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा आवळते, खोकते, आणि मान वर करून विचारते, ‘‘असंच ना?’’